शर्यतीचा घोडा व सभ्यांचा न्याय

गेल्या हिंवाळ्यांत पेण येथील एका व्याख्यानमालेंत एका विद्वान वक्त्यांचें भाषण ऐकण्याचा योग आला. विषय संस्कृति व परकी व्यसनें असा भारदस्त होता, आणि सभागृह शिक्षक, वकील, डॉक्टर व त्यांचीं कुटुंबें यांनीं भरून गेलें होतें. वक्त्यांनीं पहिल्या अर्ध्या तासांत घोड्यांच्या शर्यतींवर प्रखर हल्ला चढविला. ही साहेबानें आणलेली चैन, हा श्रीमंतांचा जुगार, ही मुक्या जनावराची छळणूक; महालक्ष्मीचें तें मैदान एकदांचें मोकळें करून तेथें मुलांसाठीं बाग करावी, असें ते म्हणाले व टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या अर्ध्या तासांत ते बैलगाड्यांच्या शर्यतींकडे वळले. ही मातीशीं नातें सांगणारी परंपरा, हा शेतकऱ्याचा मर्दानी खेळ, यावर बंदी घालूं पाहणारे ते संस्कृतीचे शत्रु, असें त्यांनीं सांगितलें; आणि त्याच हातांनीं, तितक्याच जोरानें, पुन्हां टाळ्या वाजल्या. मीं दोन्ही वेळां टाळी वाजविली नाहीं. बाहेर पडतांना शेजारच्या वकील मित्रांनीं विचारलें, "सर, आज आपण अगदींच गप्प?" त्या प्रश्नाचें उत्तर दारांत उभ्याउभ्या देण्यासारखें नव्हतें. तें येथें देतों.

उत्तराआधीं माझा या प्रकरणांतील संबंध सांगून टाकणें प्रामाणिकपणाचें होईल. मी पेणेस राहतों, रोह्यास एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों, आणि घोड्यांच्या शर्यतींचा मला चाळिसांहून अधिक वर्षांचा नाद आहे. माझ्या कपाटांत शेक्सपिअरच्या शेजारीं घोड्यांच्या वंशावळी उभ्या आहेत. परीक्षेच्या दालनांत देखरेख करतांना डर्बी जिंकणाऱ्या घोड्यांचीं नांवें सालवार मनांत म्हणत मीं कित्येक तास घालविले आहेत. परंतु या सर्व काळांत मीं एकाही घोड्यावर एक पैसा लावलेला नाहीं. हीं दोन्ही विधानें एकाच मनुष्याविषयीं खरीं असूं शकतात, हें पुष्कळांस पटत नाहीं. तें पटवून देणें हा या लेखाचा अर्धा हेतु. माझ्याच पक्षास चार कठोर शब्द ऐकविणें हा उरलेला अर्धा.

पहिला आक्षेप परकेपणाचा. तो करणाऱ्यांनीं आपल्याच घरांत डोकावून पाहिलेलें दिसत नाहीं. ज्या वैदिक परंपरेचा उच्चार करून वक्त्यांनीं भाषणास आरंभ केला, तींतील वाजपेय यज्ञांत सतरा रथांची शर्यत हा विधीचाच एक भाग असून, तींत यजमानाचा रथ पहिला यावयाचा असतो. आतां भाषा पाहा. घोड्याच्या रंगासाठीं कुमाईत, अबलख, सब्जा. चार पाय व कपाळ पांढरें असेल तर पंचकल्याणी. त्यास मळणारा तो मोतद्दार, शिकविणारा तो चाबुकस्वार. खरारा, तोबरा, खोगीर, रिकीब, पागा. यांतील निम्मे शब्द फारसी किंवा अरबी मुलुखांतून आले, आणि आज कोणी त्यांस परके म्हणत नाहीं. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा शिलेदार व सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर हा भेद ज्या समाजास माहीत होता, त्या समाजाच्या वंशजांनीं घोडा ही साहेबाची चैन आहे असें म्हणावें, याचें नवल वाटतें. भीमेच्या खोऱ्यांतील काटक भीमथडी तट्टें मराठ्यांच्या फौजा दूरदूर घेऊन गेलीं. आपण त्यांची जोपासना सोडून दिली, वंशावळ ठेविली नाहीं, आणि आतां दुसऱ्यानें जोपासलेल्या वंशास नाकें मुरडतों.

आणि हा दुसऱ्याचा वंश तरी कोणाचा? शर्यतीच्या शुद्धवंशी घोड्यास थरोब्रेड म्हणतात. तो इंग्लंडांत घडला हें खरें. परंतु त्याचे पितर पूर्वेकडून गेले. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गॉडॉल्फिन अरेबियन अशा तीन घोड्यांपर्यंत आज जगांतील प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा जाऊन पोहोंचते. त्यांपैकीं डार्ली अरेबियन हा १७०४ सालीं सीरियांतील अलेप्पो येथें टॉमस डार्ली नांवाच्या इंग्रजानें मिळविला, आणि आजच्या थरोब्रेड नरांपैकीं सुमारें ९५ टक्क्यांची पितृपरंपरा त्या एकट्याकडे जाते. त्याचा खापरपणतू एक्लिप्स. १७६४ सालीं सूर्यग्रहणाच्या दिवशीं जन्मला म्हणून त्यास हें नांव पडलें. तो अठरा शर्यती धांवला व एकही हरला नाहीं. वाळवंटांतील घोडा, उत्तरेकडील ओलें गवत आणि दोन-तीन शतकांची चिकाटीची नोंद, यांपासून हा प्राणी झाला. नोंद हा शब्द मी मुद्दाम योजतों. १७९१ सालीं जेम्स वेदर्बीनें घोड्यांच्या वंशावळीचें पुस्तक सिद्ध केलें. तेव्हांपासून प्रत्येक शिंगराचे आईबाप लिहून ठेवण्याची परंपरा अखंड आहे. माझ्या मतें मनुष्यानें दुसऱ्या प्राण्याचा लिहिलेला याहून दीर्घ इतिहास विरळा.

मुंबईचा तर या कथेशीं आरंभापासून संबंध आहे. ज्या दुसऱ्या चार्ल्स राजास १६६१ च्या विवाहकरारानें मुंबई बेट आंदण मिळालें, तोच न्यूमार्केटच्या माळावर स्वतः घोडा दौडवून शर्यती जिंकत असे. भायखळ्याच्या मैदानावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शर्यतींची संस्था उभी राहिली. १८८३ सालीं शर्यती महालक्ष्मीस गेल्या. त्या शतकांत इराणी आखातांतून अरबी घोड्यांचीं जहाजें मुंबई बंदरास लागत, आणि येथील मैदानांवर दीर्घकाळ अरबी घोडेच पुष्कळ धांवत. पुढें या देशांतच थरोब्रेड निपजूं लागले, व १९४३ सालीं महायुद्ध ऐन भरांत असतांना पहिली इंडियन डर्बी झाली. ती प्रिन्सेस ब्यूटिफुल नांवाच्या घोडीनें जिंकली. घोड्यांच्या पाठीवर प्रथम गोरे स्वार असत. परंतु पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे हीं नांवें ज्यांनीं मुंबई-पुण्याच्या मैदानांवर गाजविलीं, त्यांची मातृभाषा कोणती हें सांगावयास नको. आमच्या मराठी मासिकांनीं क्रिकेटपटूंवर रकानेच्या रकाने लिहिले. या स्वारांवर मात्र चार ओळी लिहिण्याचीही लाज वाटली. तेव्हां परकेपणाचा आक्षेप येथेंच सोडून देऊं. त्यांत कांहीं जीव नाहीं.

दुसरा आक्षेप जुगाराचा. यांत मात्र जीव आहे, आणि तो मी पुस्तकांतून शिकलेलों नाहीं. माझे वडील मुंबईस एका कचेरींत कारकून होते. आठवडाभर एका नातलगाकडे राहावें व शनिवारीं रात्रींच्या एसटीनें पेणेस यावें, असा त्यांचा क्रम होता. हिंवाळा लागला कीं तो क्रम बिघडे. १९८० च्या सुमारास, मी दहा वर्षांचा असतांना, त्यांनीं मला एकदां महालक्ष्मीस नेलें. त्या दिवशीं ते जिंकले कीं हरले हें मला आठवत नाहीं. आठवते ती एक कुमाईत घोडी. शर्यतीपूर्वीं घोडे फिरवितात त्या रिंगणांतून ती माझ्यापासून दोन हातांवरून गेली. तिच्या कातडीखालीं शिरांचें जाळें उठून दिसत होतें, आणि एक माशी बसतांच सबंध खांदा पाण्यासारखा थरथरला. इतकें सुंदर कांहीं मीं तोंवर पाहिलें नव्हतें. तो नाद तेव्हां लागला तो लागलाच.

दोन वर्षांनीं आईच्या पाटल्या गेल्या. त्या तिला रोह्याच्या माहेराहून मिळालेल्या होत्या, आणि एरवीं सणावारींच ती त्या घालीत असे. त्या रात्रीं वडील ओटीवर बसून एका घोड्यास शिव्याशाप देत होते. शेवटच्या फर्लांगांत त्यानें दगा दिला, असें त्यांचें म्हणणें. आई चुलीवरून भाताचें पातेलें उतरवीत होती. ती एवढेंच म्हणाली, "अहो, पाटल्या काय घोड्यानं मागितल्या होत्या?" वडिलांनीं उत्तर दिलें नाहीं. शर्यतीच्या जुगारावर मीं आजवर पुष्कळ वाचलें. त्या वाक्यापुढें कोणी गेलेला मला आढळला नाहीं.

म्हणून माझ्या पक्षाच्या मंडळींनीं जुगाराचा आक्षेप उडवून लावला कीं मला संताप येतो. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यत हा प्राधान्यानें कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. तेव्हांपासून शर्यतीचे कैवारी त्या निर्णयाची ढाल पुढें करून बसले आहेत. कायद्याच्या दृष्टीनें तें ठीक. परंतु टोटचा हिशेब पाहा. एका शर्यतीवर लोकांनीं लावलेली सारी रक्कम एका राशींत जमा होते. तींतून सरकारचा कर व क्लबाचा वांटा प्रथम काढून घेतात. मग उरलेली राशि जिंकणारांत वांटतात. म्हणजे एकजण कौशल्यानें जिंकेलही, परंतु पैसे लावणारांचा समुदाय हा समुदाय म्हणून प्रत्येक शर्यतींत हरतोच. येथें कौशल्य म्हणजे दुसऱ्याच्या खिशांतून आपल्या खिशांत पैसा आणण्याचें कौशल्य. ज्याच्या घरीं पाटल्या गेल्या, त्यास हा खेळ कौशल्याचा होता असें सांगून कोणतें समाधान होणार?

तरीही सभागृहांत टाळ्या वाजविणाऱ्या सभ्यांस मला कांहीं विचारावयाचें आहे. याच राज्याच्या सरकारनें १९६९ सालीं स्वतःची लॉटरी काढली. तिचीं तिकिटें आपणांपैकीं कितीकांनीं देवासमोर ठेविलीं? दिवाळींतील पाडव्यास शास्त्रांत द्यूतप्रतिपदा असें नांव आहे; तें आपण कॅलेंडरांत वाचतों, कीं तेथून दृष्टि पुढें सरकते? २०२५ सालीं कायद्यानें बंदी येईपर्यंत भ्रमणध्वनीवर पैसे लावून खेळण्याच्या जाहिराती नामांकित क्रिकेटपटू करीत होते, व आपलीं पदवीधर मुलें आपल्याच दिवाणखान्यांत बसून तो खेळ खेळत होतीं. शर्यतींतील पैजेवर २०१७ पासून २८ टक्के व २०२५ च्या सप्टेंबरपासून ४० टक्के वस्तु व सेवा कर आहे. म्हणजे या पापांत सरकार भागीदार आहे आणि त्या सरकारचे नागरिक आपण. जुगार वाईट असेल, आणि तो आहेच, तर तो सर्वत्र वाईट. ज्या जुगारांत घोडा आहे तेवढाच वाईट म्हणणें म्हणजे आईनें वडिलांस विचारलेल्या प्रश्नाचें चुकीचें उत्तर देणें होय.

शर्यतीपासून जुगार वेगळा काढतां येतो का? पुरता येणार नाहीं. परंतु दोहोंचे हेतु निराळे आहेत हें मैदानावरच दिसतें. डर्बीसारख्या थोर शर्यतींत एका वयाचे घोडे समान वजन घेऊन धांवतात. घोडीस तेवढी थोडी सवलत असते. तेथें प्रश्न एकच: यांतील उत्तम कोण, व पुढील पिढीचे आईबाप होण्यास कोण योग्य? १७८० सालीं एप्सम येथें पहिली डर्बी झाली, तेव्हांपासून हा प्रश्न विचारला जात आहे. उलट हँडिकॅप शर्यतींत चांगल्या घोड्यावर अधिक वजन लादून तो व सामान्य घोडा एका पातळीस आणितात, कां कीं निकाल अनिश्चित असल्यावांचून पैज रंगत नाहीं. पहिली शर्यत वंशासाठीं, दुसरी मुख्यतः खिशासाठीं. आठवडाभराच्या कार्यक्रमांत दुसऱ्या प्रकारच्या शर्यतींची रांग लागते, आणि त्या पाहून शर्यत म्हणजे जुगार असें कोणी म्हटलें, तर दोष बोलणाराचा कमी व ती रांग लावणाराचा अधिक.

आतां तिसरा आक्षेप, क्रौर्याचा. येथें मला माझ्या पक्षाची बाजू घेतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बैलगाड्यांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायदा बदलला. २०२१ च्या डिसेंबरांत न्यायालयानें अटींवर परवानगी दिली, व २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें तो कायदा ग्राह्य ठरविला. त्या अटी वाचून पाहाव्या. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा धक्का हीं सर्व निषिद्ध. पशुवैद्याची तपासणी आवश्यक. आमच्या जिल्ह्यांतील समुद्रकिनाऱ्यांवर ओहोटीच्या ओल्या वाळूवर बैलगाड्या व घोडागाड्या धांवतात, त्या मीं लहानपणापासून पाहिल्या आहेत. तेथें पूर्वीं शेपट्या पिरगाळीत व टोचणी चालवीत हेंही पाहिलें आहे. आज या अटी किती पाळल्या जातात तें ज्यानें त्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहावें. परंतु कागदावर तरी स्थिति अशी आहे कीं, अडाणी म्हणून ज्यास हिणविलें त्या गाडीवानाच्या हातीं चाबूक नाहीं, आणि सुसंस्कृत म्हणविणाऱ्या महालक्ष्मीच्या स्वारास मर्यादेंत कां होईना, तो वापरण्याची मुभा आहे! चाबूक मऊ असतो, त्यानें इजा होत नाहीं, असें माझे मित्र सांगतात. इजा होत नसेल तर घोडा कशामुळें पुढें जातो, आणि कशामुळेंही जात नसेल तर चाबूक हवा कशास, याचें उत्तर मला अद्याप मिळालेलें नाहीं.

याहून मोठा प्रश्न शर्यत संपल्यानंतरचा आहे. थरोब्रेड दुसऱ्या वर्षीं धांवूं लागतो, व आठ-दहा वर्षांचा होईपर्यंत बहुतेकांचें मैदानावरील आयुष्य संपतें. पुढें पंधरा वर्षें तरी त्यास जगावयाचें असतें. निवडक नर व घोड्या पैदाशीसाठीं जातात. कांहीं घोडेस्वारीच्या शाळांत. आणि कांहींनीं मनुष्यावर असा उपकार केला आहे कीं तो फार थोड्यांस ठाऊक असतो. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या अश्वपालनकेंद्रांतील निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेस लस-रक्तद्रव्यासाठीं दिले जात. त्यांतूनच आपण स्वतः हें औषध कां करूं नये, ही कल्पना निघाली, व १९६६ सालीं सीरम इन्स्टिट्यूट स्थापन झाली. सर्पविषाचे सूक्ष्म डोस घोड्यास देत गेल्यानें त्याच्या रक्तांत प्रतिद्रव्य तयार होतें. तें काढून, शुद्ध करून आपणांस टोंचतात. पेण व रोहा तालुक्यांतील भाताच्या खाचरांत आषाढ-श्रावणांत ज्यांस नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसें डसतें, त्यांचा जीव वांचतो तो घोड्याच्या रक्तानें वांचतो. त्या सभागृहांत बसलेल्या डॉक्टरांस हें माहीत होतें; ते उठून बोलले असते तर बरें झालें असतें.

परंतु जे यांपैकीं कोठेंच जात नाहींत त्यांचें काय? येथें तो तीन शतकांचा इतिहास एकाएकीं मुका होतो. घोडा जन्मला कधीं, आई कोण, बाप कोण, आजा कोण, कोणत्या शर्यतींत कितवा आला, किती वजन घेऊन धांवला, सर्व लिहिलेलें असतें. तो मेला कोठें व कसा, हें बहुतेकांच्या बाबतींत कोठेंच लिहिलेलें नसतें. ज्याचा जन्म लिहिण्याची आपण इतकी काळजी घेतों, त्याचा मृत्यु लिहिण्याची लाज कां वाटावी? लाज वाटावी असा तो असतो म्हणून काय?

यावर माझें म्हणणें संक्षेपानें असें. चाबूक स्वाराच्या हातून काढून घ्यावा. किनाऱ्यावरील गाडीवानास जी अट, तीच महालक्ष्मीस. वंशावळीच्या पुस्तकांत प्रत्येक घोड्याच्या नांवापुढें त्याचा अखेरपर्यंतचा मुक्काम व मृत्यु यांची नोंद व्हावी, व ती कोणासही पाहतां यावी. टोटच्या राशींतून सरकार व क्लब आपापला वांटा काढतात, तसा तिसरा वांटा घोड्याचा काढावा, आणि त्यांतून त्याचें उर्वरित आयुष्य चालावें. त्या राशींतील प्रत्येक रुपया त्याच्याच पायांनीं आलेला असतो. हें करणें परवडत नसेल तर शर्यती कमी कराव्या, घोडे कमी निपजवावे. वंश उत्तम ठेवण्यास थोड्या थोर शर्यती पुरतात.

राहिला मैदानाचा प्रश्न. तें मोकळें करून बाग करा, असें वक्ते म्हणाले. त्या वादाचा निकाल लागून गेला आहे, हें त्यांस कोणीं सांगितलेलें दिसत नाहीं. भाडेपट्टा २०१३ सालीं संपला होता. २०२४ च्या ठरावाप्रमाणें सुमारें २११ एकरांपैकीं १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठीं महापालिकेकडे व ९१ एकर शर्यतींकडे, अशी वांटणी झाली. मला त्याचें दुःख नाहीं. घोड्यास गवताचा पट्टा लागतो, मेजवान्यांचीं दालनें लागत नाहींत. उलट, ज्या मुंबईंत मुलास घोडा चित्रांत किंवा वरातींतच दिसतो, तेथें बागेंत खेळणाऱ्या मुलास पहाटेच्या धुक्यांत सरावाचे घोडे दौडतांना दिसले, तर मला लागला तसला नाद आणखी चौघांस लागेल. आणि त्यांस पैज लावण्यासाठीं तेथें नेणारा कोणी नसेल, तर तो नाद निर्मळही राहील.

तेव्हां वकील मित्रांस माझें उत्तर असें आहे. मी गप्प बसलों, कारण त्या दिवशीं एका प्राण्याचा न्याय त्याच्या मालकाची जात व भाषा पाहून झाला. घोडा श्रीमंताचा म्हणून त्याचें दुःख दिसलें व सौंदर्य दिसलें नाहीं. बैल आपला म्हणून त्याचें सौंदर्य दिसलें व दुःख दिसलें नाहीं. माझ्या पक्षाचे लोक नेमकें याच्या उलट करतात, एवढाच फरक. दोन्ही प्राण्यांनीं आपणांपाशीं कांहीं मागितलेलें नाहीं. ना शर्यत, ना संस्कृति, ना पाटल्या. ज्या दिवशीं एखादा वक्ता व्यासपीठावर उभा राहून बैल व घोडा या दोघांविषयीं एकच प्रश्न विचारील, कीं शर्यत संपल्यावर याचें पुढें काय होतें, त्या दिवशीं पहिली टाळी माझी असेल.